गच्चीवरच्या तुंब्याची चोरी

जुळे सोलापूर,
श्रावणातला तिसरा मंगळवार

तीर्थरूप मल्लव्वा अक्कास,
धाकटा भाऊ महेश्वर याचे शरणु शरणार्थी. दाजींनाही माझा नमस्कार सांगावास, पण सांगताना पत्र त्यांच्या हातात देऊ नयेस, कारण ते मोठ्यानं वाचतात. तुझी कंबर कशी आहे, दाजींची साखर किती आहे, नव्या म्हशीनं लाथ मारायचं सोडलं का, हे सगळं मी मनापासून विचारलं आहे असं समज. इकडे घरातली बाकी सगळी माणसं ठणठणीत आहेत. एकट्या माझी प्रकृती बिघडली आहे, आणि ती बिघडवण्यात पहिला हात तुझा आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

फोन का केला नाहीस असं तू विचारशील. गेल्या गुरुवारी केला होता. मी "अक्का, माझं जरा ऐक" एवढंच म्हणालो आणि त्यानंतर एकोणीस मिनिटं तू बोललीस, त्यातली बारा म्हशीवर. शिवाय तुझा फोन सदा स्पीकरवर असतो. मी माझं दुःख सांगायला लागलो की मागून दाजी, दोन शेजारणी आणि कधी कधी तर चक्की सुरू असल्याचा आवाज येतो, म्हणजे माझी अब्रू पिठासकट दळली जाते. पत्राला मध्येच तोडता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण आहे. (लिहायला बसल्यावर कळलं की घरात चालू पेन एकही नाही. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात कारकुनी केलेल्या माणसाच्या घरात. हे पेन वरच्या मजल्यावरच्या धर्मपालांचं आहे. त्यांच्यावर मला संशय आहे, पण ते पुढे येईलच.)

आधी मूळ दुखणं सांगतो. आई दोघांची आहे, तेव्हा पाडव्यापासून श्रावणी अमावास्येपर्यंत अव्वानं माझ्याकडं राहायचं आणि पुढे पाडव्यापर्यंत तुझ्याकडं, हे आपलं ठरलेलं आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गेल्या मार्गशीर्षात, लग्नाच्या पंगतीत, सगळे भाऊबंद पानावर बसलेले असताना, हातात वाढायची पळी घेऊन तू म्हणालीस की महेश्वरकडं अव्वा वाळते. सगळे हसले. मीही हसलो, कारण तोंडात घास होता. त्या रात्री मला जेवण पचलं नाही आणि ते वाक्य अजून पचलेलं नाही. खोटं असतं तर मी भांडलो असतो. खरं होतं म्हणून जास्त लागलं. अव्वा माझ्याकडं आली की अर्धी भाकरी खाते, भिंतीकडं तोंड करून पडते आणि कुणी काही विचारलं तर "बरं हाय की" म्हणते. यंदा पाडव्याला आली तेव्हाही तेच. ती पूर्वेच्या भिंतीकडं तोंड करून पडायची, मी पश्चिमेच्या (निवृत्त माणसानं उठून करायचं काय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही, मी नऊला उठायचो आणि नऊ हीसुद्धा वेळ लवकर वाटायची), आणि तुझी भावजय श्रीदेवी आमच्या दोघांच्या मधून केर काढायची.

मी ठरवलं, या खेपेला अव्वा वाळणार नाही. रोज बाजारातून फुलं आणू लागलो. शेवंती आणली, गुलाब आणले, एकदा तर कमळ आणलं. अव्वा दोन्ही हातांनी घ्यायची, डोक्याला लावायची आणि भिंतीवरच्या फोटोपुढं ठेवून द्यायची. तिच्या पूजेत त्यातलं एकही फूल जाईना. शेवटी श्रीदेवीनं गोडीत विचारलं तेव्हा कळलं. अव्वाचं गळ्यातलं इष्टलिंग पूजेला काढलं की तिच्या डाव्या तळहातावर मावतं. त्यावर गुलाब ठेवला की लिंगच दिसत नाही, मग पूजा लिंगाची झाली की गुलाबाची, हे तिला कळेना. त्याला फूल तुंब्याचं पाहिजे, नखाएवढं, पांढरं. आणि ते तुझ्या शेतातही आता मिळत नाही, कारण कालव्याचं पाणी आल्यापासून तुम्ही बांधापर्यंत ऊस लावला आहे आणि उरलेल्या बांधावर दाजी तणनाशक मारतात. (अव्वानं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. पण तुझ्याकडंही ती थोडी वाळते, एवढं या निमित्तानं पंगतीतल्या लोकांना कळवावं अशी माझी विनंती आहे.)

आता तुंबा म्हणजे काय दुर्मीळ वस्तू आहे असं नाही. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा जुळे सोलापुरातल्या प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर मुरमात वीतभर तुंबा उभा असायचा. मी त्यावर स्कूटर लावत होतो. आता त्या प्लॉटांवर इमारती आहेत आणि जिथं इमारत नाही तिथं गाजरगवत. मी तीन दिवस हेल्मेट घालून सगळे प्लॉट धुंडाळले. दोन ठिकाणी लोकांना मी जागा विकत घेणारा वाटलो आणि एका ठिकाणी जागा बळकावणारा. तुंबा कुठंच नाही. मग तू माळावर जाऊन बी गोळा करते म्हणालीस, आणि इथून तुझी चूक सुरू होते.

वैशाखात तुझ्या गावच्या चनमल्लप्पाच्या हातून पिशवी आली. त्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, जत्रेचा खोबऱ्याचा प्रसाद आणि एक कागदाची पुडी. पुडीत राख. आता तूच सांग अक्का, आपल्या घरात, जत्रेच्या प्रसादाबरोबर आलेली राख ही कोण काय समजेल? आम्ही ती देव्हाऱ्यात ठेवली आणि रोज अंघोळीनंतर कपाळाला तीन बोटं ओढू लागलो. रंग जरा काळपट होता, पण तुमच्याकडं सगळंच जरा काळपट असतं म्हणून मी बोललो नाही. माझ्या जुन्या साहेबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, त्यांच्या कपाळाला जाऊन लावून आलो. श्रीदेवीनं चिमूटभर गॅसच्या नव्या शेगडीलाही लावली. आणि त्याच दिवसांत तू रोज फोन करून विचारतेस, बी पेरलंस का, आणि मी सांगतो आहे की बी आलेलंच नाही, चनमल्लप्पानं वाटेत सांडलं असेल. त्या बिचाऱ्याला मी बरंच काही बोललो, तेही तुझ्या स्पीकरवर. अकराव्या दिवशी अव्वा म्हणाली की आज विभूती टोचते. मी चष्मा लावून तिच्या कपाळाकडं पाहिलं, तर तिळाएवढे तपकिरी दाणे. मुंग्या लागू नयेत म्हणून तू तळाशी बी ठेवून वर गोवरीची राख ओतली होतीस. म्हणजे तुझी अक्कल शाबूत होती, हे मी मान्य करतो. पण पुडीवर "बी" एवढं एक अक्षर लिहायला तुझं काय जात होतं? निम्मं बी आमच्या कपाळांवरून बाथरूमच्या मोरीत गेलं. उरलं ते मूठभरही नव्हतं.

ते उरलंसुरलं मी किती मायेनं पेरलं हे तुला कळलं तर तुझ्या डोळ्यांत पाणी येईल. बारा कुंड्या आणल्या. नर्सरीतली काळी माती, त्यात शेणखत, त्यात गांडूळखत. वर हिरवी जाळी बांधली, ऊन लागू नये म्हणून. आणि पाणी. पाण्याच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. कालव्याचं आवर्तन कधी सुटणार आणि कुणाला किती तास मिळणार, हे कागद माझ्या टेबलावरून जात होते. मी वही घातली आणि सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या असं आवर्तन बांधून दिलं. ज्या खात्यात एका पाळीसाठी लोक महिना महिना हेलपाटे घालायचे, त्या खात्याचा माणूस स्वतः गुडघे धरून तीन मजले चढून पाणी पाजत होता, आणि तेही न मागता.

झाड वाढलं. आषाढात माझ्या कमरेला लागलं. पानं पालकासारखी रुंद आणि काळीशार. फूल एक नाही. माळावर वीतभर उंचीचं हेच झाड अंगभर फुलतं आणि माझ्या गच्चीवर दोन वेळ पाणी पिऊन, गांडूळखत खाऊन, जाळीखाली सावलीत उभं राहून ढिम्म. मी टेप लावून उंची मोजायचो, प्रत्येक शेंडा उलटून पाहायचो. उपकाराची जाण माणसांत राहिली नाही हे मला माहीत होतं, पण तणातही राहिली नाही हे नवीन होतं. अव्वा विचारायची, आलं का रे फूल, आणि मी रोज सांगायचो, उद्या. असं "उद्या" म्हणायची सवय मला नोकरीत होती, पण आईला सांगताना जीभ जड होते.

इथं धर्मपाल येतात. हे आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. वनखात्यात होते, सगळी नोकरी माळरानावर, पक्ष्यांच्या मागं उन्हात फिरण्यात गेली, आणि त्यामुळं त्यांना गवताचं फार कळतं असा त्यांचा समज आहे. एके दिवशी ते टाकी बघायला गच्चीवर आले, माझ्या कुंड्यांपुढं उभे राहिले आणि बोटानं माती उकरून पाहिली. मग म्हणाले, "साहेब, तुमी ह्याला माया लावून मारताय. हे माळावरचं हाय. मरायची येळ आल्याशिवाय हे कशाला फुलंल? पाणी तोडा." मी त्यांना विचारलं की आपण वनखात्यातले ना, मग पाण्याबद्दल आपण कशाला बोलता. त्यावर ते हसले आणि दुसऱ्या दिवशी मुरमाची दोन घमेली घेऊन आले. जाळी सोडली, वरची काळी माती खरवडून मुरूम पसरला आणि पाणी बंद. पावसानं तर यंदा आधीच बंद केलं होतं. मी आयुष्यात पुष्कळ गावांचं पाणी बंद झालेलं कागदावर पाहिलं आहे, पण स्वतःच्या डोळ्यांदेखत पानं माना टाकताना पाहणं वेगळं असतं. दुपारी मला घरात बसवेना. दोनदा मी श्रीदेवीला कपडे वाळले का पाहतो असं सांगून वर गेलो आणि अर्धा अर्धा तांब्या घातला. दोन्ही वेळा धर्मपालांना ओली माती सापडली. दुसऱ्या वेळी त्यांनी तांब्याच जप्त केला. माझ्या घरातला तांब्या, आईच्या रुखवतातला.

यानंतर तानाबाईचं प्रकरण. तानाबाई आमचा जिना झाडते. ती वैरागकडची. आषाढ संपता संपता एका दुपारी तिनं श्रीदेवीला वाटीभर हिरवी भाजी आणून दिली, लसणाची फोडणी घातलेली. अव्वा त्या भाजीबरोबर दीड भाकरी जेवली. पाडव्यापासून पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला की मीही दोनदा मागून घेतली आणि तानाबाईला स्वतः जाऊन सांगितलं की अशी भाजी पुन्हा आण. ती म्हणाली, आनती की, वर बक्कळ हाय. मी विचारलं वर म्हणजे कुठं. अक्का, तिनं माझ्या बाराही कुंड्यांचे शेंडे खुडले होते. तिच्याकडं तुंब्याला कुंभा म्हणतात आणि पावसाळ्यात त्याची भाजी करतात. मी माझ्या आईच्या पूजेची फुलं, फुलं व्हायच्या आधीच, लसूण घालून खाल्ली होती आणि वर कौतुक केलं होतं. मी त्या दिवशी जिन्यात जे बोललो ते लिहीत नाही. तानाबाई शांतपणे म्हणाली की साहेब, शेंडा मोडला की फूट येती, बगा. आणि पुढं खरोखर फूट आली, एकेका झाडाला सहा सहा फांद्या, आणि दहा दिवसांत गाठीगाठीला फुलं. त्यामुळं आता ती बाई सगळ्या इमारतीत सांगत फिरते की साहेबांचा बगिचा मी फुलवला. धर्मपाल सांगतात मी फुलवला. बारा कुंड्या आणणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी मी चहा घेऊन, लुंगीवरच, वर गेलो आणि पाहिलं. काय सांगू तुला. बारीक पांढरी फुलं देठाभोवती गोल धरून बसलेली, भात उतू जाऊन चिकटावा तशी. मी एकवीस फुलं स्टीलच्या वाटीत खुडली आणि अव्वाच्या पुढं नेऊन ठेवली.  अव्वानं वाटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि अंघोळ झाली का विचारलं. मी म्हणालो, होईल की, काय घाई आहे. (वयाची अठ्ठावन्न वर्षं होऊन गेली तरी आईला पोरानं अंघोळ केली की नाही याची काळजी असते.) मग ती छान आहे म्हणाली आणि वाटी पदराखाली घेऊन आत गेली. मला वाटलं, जिंकलो. अमावास्येला तू येशील तेव्हा अव्वा पलंगावर बसून फुलं मोजत असेल, आणि तुझं ते पंगतीतलं वाक्य तुलाच परत घ्यावं लागेल.

दुसऱ्या दिवशी सात वाजता वर गेलो तर फूल एक नाही. झाडं जागेवर, कळ्या जागेवर, उमललेली फुलं तेवढी खुडून नेलेली, आणि तीही हलक्या हातानं, एक पान न दुखवता. म्हणजे चोर जाणकार. पुढच्या दिवशी सहाला गेलो, नाहीत. साडेपाचला गेलो, नाहीत. मी जितका लवकर उठतो त्याच्या अर्धा तास आधी तो येऊन गेलेला असतो. आज मी पाचला उठलो, अंघोळ करून (उठलोच आहे तर उरकून घ्यावी), पायऱ्या चढून वर पोचलो, आणि नाहीत ते नाहीतच. गच्चीच्या दाराला मी नवीन कुलूप आणलं. त्याच्या किल्ल्या दोनच. एक आमच्या दाराआडच्या खुंटीला, एक धर्मपालांकडं. तूच विचार कर, मग संशय कुणावर जाईल. मी त्यांना सरळ विचारलं. ते म्हणाले की बुद्धवंदनेला ते चौकातून मोगरा आणतात, ह्या गवताचं ते काय करणार. ते खरं असेलही. पण मग दारातून आत कोण जातं, याचं उत्तर ते देत नाहीत आणि हसतात. पोलिसांत जातो म्हणालो तर श्रीदेवी म्हणते की तिथं काय सांगणार, तण चोरीला गेलं म्हणून?

मी सूचनाफलकावर कागद लावला. "गच्चीवरील देवकार्याची फुले खुडणाऱ्यास शेवटची ताकीद." त्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं, "पहिली कधी दिली होती?" मग शुक्रवारी मला जिन्यात ओल्या पावलांचे ठसे सापडले. मी टेपनं मोजले. साडेआठ इंच. एवढं लहान पाऊल इमारतीत एकच, समोरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या चैताली नावाच्या नर्सचं. ती रात्रपाळीहून येत होती, तिला मी जिन्यातच नम्रपणे सांगितलं की जरा पाऊल दाखवा. यात वावगं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही, पण श्रीदेवीला त्यांच्याकडं शेंगापोळी घेऊन माफी मागायला जावं लागलं आणि दोन दिवस माझ्याशी घरात कुणी बोललं नाही. अव्वा तर तोंडाला पदर लावून आत गेली. शरम वाटली असणार.

रविवारी मी धर्मपालांनाच बरोबर घेऊन टाकीमागं पहाऱ्याला बसलो (संशयित पहाऱ्यावर असला की त्याला चोरी करता येत नाही, हा माझा विचार). उजाडायला लागलं, फुलं समोर उमललेली, मी डोळ्यांत तेल घालून बसलेलो, आणि नेमकी त्याच वेळी श्रीदेवी धापा टाकत वर आली की दूध नासलं, अव्वाला चहा नाही, पिशवी आणा. आईचा चहा म्हटल्यावर माणूस काय करणार? धर्मपालांना बसवून मी खाली गेलो, दुकान उघडायला दहा मिनिटं थांबलो आणि परत आलो तो कुंड्या रिकाम्या. धर्मपाल म्हणतात त्यांचा डोळा लागला. तीस वर्षं ज्या माणसानं माळावर बसून पक्ष्याच्या एका अंड्याची राखण केली, त्याचा डोळा लागला. आणि घरात येऊन पाहिलं तर पातेल्यातलं दूध नासलेलं नव्हतंच. श्रीदेवी म्हणते तिला तसं वाटलं.

मला सगळ्यात वाईट वाटतं ते अव्वाचं. ती एका शब्दानं तक्रार करत नाही. पूजेला बसते तेव्हा दार लोटून, डोक्यावरून पदर घेऊन बसते, आपण पाहायचं नसतं, पण फुलाशिवाय ती तळहातावर लिंग घेऊन बसलेली आहे हे मला भिंतीतून कळतं. उठून येते तेव्हा कपाळावर आठी नाही. उलट हल्ली दोन भाकरी खाते, गॅलरीत बसते, मला विचारते, आज घावला का रे चोर? मी नाही म्हणतो, आणि ती म्हणते, उद्या घावंल. माझं मन राखण्यासाठी एवढं करते. असली आई आणि असला शेजार.

तेव्हा आता माझं स्पष्ट म्हणणं ऐक. मी हरलो. अमावास्येला ठरल्याप्रमाणं तू ये, अव्वाला ने, आणि येताना टेम्पो आण म्हणजे ह्या बारा कुंड्याही जातील. मला तुंब्याचं नाव नको. या जन्मात मी पुन्हा माती हातात घेणार नाही.

तुझा,
महेश्वर

ता. क. – दाजींना सांग, टेम्पो ठरवू नका. रागात लिहिलं.

ता. क. दुसरा – अक्का, खरं सांगतो. अमावास्येला येऊ नकोस. दसऱ्यापर्यंत तरी अव्वाला माझ्याकडं राहू दे. एक सोमवार, एकच, माझ्या हातच्या फुलांनी तिची पूजा झाली की मी स्वतः तिला आणून सोडतो. तू पंगतीत म्हणालीस ते खरं होतं, पण ते तसंच राहू नये असं मला वाटतं. चोर मी पकडणारच. उद्यापासून साडेचारला उठतो आहे. पत्र श्रीदेवीकडं टपालात टाकायला देतो, कारण मला बाराला धर्मपालांबरोबर जिन्यात दिवा बसवायचा आहे.

*

अक्का, श्रीदेवीचे शरणु. पाकीट चिकटवायच्या आधी हे लिहिते आहे. ह्यांना कळू देऊ नका. अव्वा समोर बसल्या आहेत आणि लिही म्हणतात तसं लिहिते, एक शब्द इकडचा तिकडं केलेला नाही:

"मल्लव्वा, फुलं मीच खुडती. पयल्या दिशी त्यानं बिन आंगुळीची आनली, ती लिंगाला कशी चालतील? त्याला बोलले न्हाय, लई हौसेनं आनलीवती. म्हनून दुसऱ्या दिशी मीच न्हाऊन, खुंटीची किल्ली घिऊन वर गेले. गुडघं दुकतात, पन बसत बसत चढते. धर्मपाल कट्ट्यावर हात द्येतो. मला वाटलं एक दिवसाचं काम हाय. पन त्या दिवसापास्नं माझं पोर, माझा हुडगा, उटाया लागला बग. आदी नवाला उटायचा, तोंड न धुता पडून ऱ्हायचा. नोकरी सुटल्यापास्नं त्याला कुनी इचारत न्हवतं, मला लई भ्या वाटायचं, म्हनून मी पन पडून त्याच्याकडंच कान लावून असायची. आता पाचाला उटतो, आंगुळ करतो, जिना चढतो, चार मानसांशी भांडतो, दोन घास जास्त खातो. आता त्याची फुलं चालतील मला. तरी मी त्याच्या आदी जानार. अमुशाला मला न्यायला येऊ नगंस. चोर घावला, तर पोरगं परत झोपंल."